तित्तर, फेझंट आणि माझं ढोंग



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण तसं घरगुतीच आहे, पण ते मनातून जात नाही. म्हटलं लिहून टाकावं.

झालं असं की, गेल्या नोव्हेंबरात मी आणि आमची ही लेकीकडे यॉर्कशायरला होतो. तिथे काढलेला माझा एक फोटो लेकीने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोत मी मागच्या अंगणात खुर्चीवर बसलोय, गळ्यात लेकीचा फुलाफुलांचा एप्रन, मांडीवर फेझंट नावाचा भलाथोरला पक्षी आणि भोवती पिसंच पिसं. सगळ्यांनी हसून घेतलं. थोड्या वेळाने गावाहून पुतण्याचा निरोप आला, "काका, साहेबाच्या देशात चालतं, आणि गावचं तित्तर तेवढं चालत नाही होय?" आणि लगेच दुसरा, "हे ढोंग झालं."

त्याच्या या बोलण्यामागे एक जुनं दुखणं आहे. त्याआधीच्या आखाडात, गटारीला, हा पुतण्या मोठ्या हौसेने माझ्यासाठी तित्तर घेऊन आला होता. "काका, आबांच्या हातची चव आठवते म्हणता ना नेहमी, घ्या!" म्हणाला. हायवेवर कोणाकडून तरी फोन करून मागवलेलं. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोलून, तुकडे करून आणलेलं. त्याच्या बायकोने बिचारीने छान रस्साही केला. आणि मी ताटावरून उठलो. नुसता उठलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण मास्तरकीची सवय! चार शब्द बोललोही. आलेल्या पाहुण्यांसमोर पोरगा खजील झाला. तेव्हापासून तो माझ्याशी मोजकंच बोलतो.

तर हा लेख त्याच्यासाठी आहे. बाकीच्यांनीही वाचावा, कारण मला वाटतं प्रश्न एकट्या पुतण्याचा नाही.

आधी गावाकडची गोष्ट सांगतो.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस बेताचा, माळ भरपूर. वडिलांकडे, म्हणजे आबांकडे, ठासणीची बंदूक होती. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेला. राखण किती झाली देव जाणे, पण थंडीच्या दिवसांत महिन्यातून एखाद-दोन वेळा तित्तर, लाव्हा, कधी होला घरी यायचा. आई माळकरी. तिच्या चुलीवर मांस शिजायचं नाही. त्यामुळे परड्यात तीन दगड मांडलेले असत, एक काळंकुट्ट जर्मलचं पातेलं वेगळं ठेवलेलं असे, आणि सगळा कारभार आबा स्वतः करत. मदतीला मी. मी नऊ-दहा वर्षांचा असेन.

पक्षी साफ करणं मी आबांकडून शिकलो. पहिलं काम पिसं काढायचं. एकेक चिमूट धरून, घाई न करता. ओढलं की कातडी फाटते. मग वाळलेल्या काडाच्या जाळावर धरून बारीक लव जाळायची. मग गळ्यापाशी हलकीशी चीर द्यायची आणि चाऱ्याची पिशवी काढायची. आबा ती पिशवी मला फोडायला सांगत. त्यात ज्वारीचे दाणे असत, गवताचं बी असे, मुंग्या असत, आणि पुष्कळदा वाळवी. "बघ, हे आपल्या रानात काय काय करतं ते," असं ते म्हणत. पुढे मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण अन्नसाखळी हा धडा शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं चित्र कधी आलं नाही. ती पिशवीच आली.

मग पोट उघडायचं. दोन बोटं आत घालून सगळं एकदम बाहेर घ्यायचं. कलेजीला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटू द्यायची नाही, फुटली तर सगळं मांस कडू. पोटा उभा चिरून आतले खडे धुवायचे, पिवळी साल सोलायची. शेवटी छर्रे. जिथे कातडीला भोक दिसेल तिथे बोटाने चाचपायचं, कारण छऱ्याबरोबर पीसही आत ओढलं गेलेलं असतं. काळं पडलेलं मांस कापून टाकायचं. एवढं करून हातात किती उरायचं? आख्खं तित्तरच पाव किलोच्या जरासं वर भरतं. घरात खाणारी पाच माणसं. रस्साच जास्त, तुकडे नावाला. पण त्यातलं काही वाया जायचं नाही.

तित्तराचं एक वैशिष्ट्य सांगतो. पिसांवरून त्यातला नर-मादी ओळखता येत नाही, दोघं सारखीच दिसतात. नराच्या पायाला मागच्या बाजूला काटा असतो, मादीला तो बहुधा नसतो. तेव्हा बार काढणाऱ्याला लांबून काहीच कळत नाही. कळतं ते साफ करताना.

१९६१ सालची गोष्ट. वैशाख होता. पाहुणे आले म्हणून आबा मोसम नसताना रानात गेले आणि दोन तित्तरं घेऊन आले. त्यातलं एक मी साफ करत होतो. पोट उघडलं तर आत एक अंडं. पुरतं तयार झालेलं, पण कवच अजून मऊ. आणि त्यामागे पिवळी बलकं, एकापेक्षा एक लहान, शेवटची तर मोहरीएवढी. मला वाटलं खजिनाच सापडला. मी ओरडलो, "आई, बघ अंडं!"

आई परड्यात सहसा येत नसे. त्या दिवशी आली. वाकून बघितलं. आबांना एवढंच विचारलं, "घरट्यात आधीची असतील का हो?" आबा काही बोलले नाहीत. तिने ते मऊ अंडं माझ्या हातातून घेतलं, शेवग्याच्या बुंध्याशी पुरलं आणि हात धुऊन आत गेली.

त्या रात्री मी जेवलो नाही असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मी जेवलो. पोटभर जेवलो. दहा-अकरा वर्षांच्या पोराला रस्सा आणि भाकरी दिसली की दुसरं काही दिसत नाही.

पण दुसऱ्या दिवशी आईने आबांना सांगितलं, "पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत बंदुकीला हात लावायचा नाही. लावलात तर परड्यातल्या चुलीला माझ्या घरची भाकरी मिळायची नाही." झाला कायदा! आबांनी तो शेवटपर्यंत पाळला. तसा मुंबई राज्याचा वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा १९५१ चा कायदा होता म्हणे, पण आमच्या शिवारात तो कोणी पाहिलेला नव्हता. आईचा मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. तेच दुष्काळाचं वर्ष, आणि मी नुकताच नोकरीला लागलेलो. त्या कायद्यातही सुरुवातीला परवाना घेऊन काही शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. आज आपल्याकडे रानातलं तित्तर, लाव्हा, रानकोंबडा मारणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. आबांनी बंदूक त्याआधीच जमा केली होती.

आता यॉर्कशायर.

लेकीच्या शेजारचे आजोबा थंडीत हाकारा म्हणून जातात. म्हणजे झाडीतून काठ्या आपटत, आवाज करत चालायचं आणि पक्षी उठवायचे, पलीकडे बंदूकवाले उभे. आपल्याकडेही संस्थानिकांच्या शिकारीत गावची माणसं हेच काम करायची. दिवसअखेर हाकाऱ्याला थोडी मजुरी आणि बहुधा पक्ष्यांची एक जोडी मिळते. त्यांनी ती जोडी चार दिवस शेडमध्ये मानेला बांधून टांगून ठेवली आणि मग आमच्या दाराच्या कडीला आणून अडकवली. तिथे थंडीमुळे टांगून ठेवता येतं, त्याने मांस मऊ होतं. आपल्या हवेत असलं काही करू नये, आपल्याकडे त्याच दिवशी साफ केलेलं बरं.

जावई शहरात वाढलेले, ते दाराबाहेरच थबकले. लेक म्हणाली, "बाबा, परत देऊन टाकू का?" मी म्हटलं, नको. पण माझ्या हातांना हल्ली कंप आहे. पित्ताची पिशवी सांभाळणं मला जमणार नव्हतं. तेवढ्यात बारा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मी करते. तुम्ही सांगा."

लेकीला ते आवडलं नाही. "तिला कशाला हे दाखवता? जेवणार नाही ती पुन्हा." आम्हा बापलेकीत स्वयंपाकघरात जरा खडाजंगीच झाली. मी म्हटलं, "ती दर बुधवारी चिकनचे नगेट्स खाते, ते झाडाला लागतात का?" शेवटी नातच हातमोजे घालून बाहेर येऊन बसली.

हातमोजे आवश्यकच. २०२१ पासून त्या देशात पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लूच्या मोठ्या साथी येऊन गेल्यात. मरून पडलेला किंवा आजारी दिसणारा पक्षी उचलायचाच नाही, आणि साफ करून झालं की हात, पाट, सुरी सगळं साबणाने धुवायचं.

नर पक्षी, तांबूस सोनेरी पिसांचा, मानेला हिरवी-निळी झाक. वजन दीड किलोच्या आतबाहेर. पायाचा काटा आखूड आणि बोथट होता, म्हणजे कोवळा. काटा लांब आणि टोकदार असला की पक्षी जून, त्याला रस्साच बरा. नातीने हळूहळू छातीची पिसं काढली. दोन ठिकाणी कातडी फाटली, ती पहिल्यांदा सगळ्यांचीच फाटते. चाऱ्याची पिशवी मी तिला फोडायला सांगितली. आत मक्याचे दाणे. सगळे मक्याचेच दाणे, नावाला एखादं हिरवं पान.

तिने विचारलं, "एवढा मका जंगलात कुठे मिळाला?"

आणि तिथेच खरी गोष्ट कळते मंडळी. हा पक्षी म्हणायला रानातला. फेझंट मूळचा आशियातला, माणसांनीच शेकडो वर्षांपूर्वी तिकडे नेलेला. आज ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट उबवून, वाढवून उन्हाळ्यात सोडले जातात, त्यांना दाणा टाकला जातो, आणि थंडीत त्यांच्यावर बंदुका चालतात. मोसम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. रविवारी आणि नाताळच्या दिवशी बंद. मारलेले सगळे खाल्ले जातात असंही नाही, तिथलेच लोक त्याबद्दल ओरड करतात. तर अर्धा कोंबडा आणि अर्धा रानपक्षी असं ते प्रकरण. हे मला कुठल्या फलकावर वाचून कळलं नसतं, त्या पिशवीतल्या मक्याने विचारायला लावलं.

पित्त फुटलं नाही. नातीने आख्खं बाहेर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की शाळेतल्या बक्षीस समारंभाची आठवण झाली. मग आम्ही छर्रे शोधले, पाच सापडले. शिशाचे असावेत. शिशाच्या छऱ्यांनी मारलेलं मांस लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी शक्यतो टाळावं असं तिथली सरकारी अन्नसंस्था सांगते. म्हणून जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाकलं, आणि नातीच्या ताटात दोनच तुकडे, तेही छऱ्यांपासून लांबचे.

शिजवलं मात्र आपल्या पद्धतीने. फेझंटच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, मोठ्या आचेवर तो लाकडासारखा होतो. तेव्हा तुकडे करून हळद-मीठ लावून ठेवले. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण घालून वाटण केलं, बरोबर नेलेली कांदा-लसूण चटणी घातली. पायाचे तुकडे आधी टाकले, झाकण ठेवून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर तासभर. छातीचे तुकडे शेवटच्या वीस मिनिटांत. बाजरीचं पीठ लेकीकडे होतं. भाकरी हिने केली. शेजारच्या आजोबांना वाटीभर रस्सा पाठवला, त्यांनी पाणी पीत पीत संपवला असं कळलं.

नातीने दोन्ही तुकडे खाल्ले. खाताना म्हणाली, "मऊ आहे, पण मी रोज नाही खाऊ शकणार." मी म्हटलं, आबा तरी रोज कुठे खात होते!

आता पुतण्याला उत्तर.

अरे, तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. त्या रश्शाचा वास आला तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पंचाहत्तरीला आलो तरी जीभ आबांच्या परड्यातच बसलेली आहे. मी रागावलो तो तुझ्यावर कमी, स्वतःवर जास्त. ते पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं. चुकलं माझं.

पण ताटावरून उठलो ते चुकलं नाही. तू ज्या पिशवीतून ते मांस आणलंस त्यात ना डोकं होतं, ना पाय, ना पीस. ते तित्तर होतं की आणखी काही, कोणी सांगावं? नर की मादी? पोटात अंडं होतं की नव्हतं? आखाड म्हणजे ऐन विणीचे दिवस. ज्याने सोललं त्याला हे ठाऊक होतं, तुला आणि मला ते कळू नये म्हणूनच तो साफ करून देतो. स्वतःच्या हाताने एक पक्षी साफ करणाऱ्याला जे कळतं, ते पैसे देऊन साफ करून आणणाऱ्याला कधीच कळत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

तू म्हणशील, मग मार्गशीर्षात पिसांसकट आणलं असतं तर? तरी नाही. आमच्या गावात एका आबांची एक बंदूक होती, आणि आबांना जरब बसवणारी आई होती. आता मोटरसायकली आहेत, रात्रीचे झगझगीत दिवे आहेत, फोनवर ऑर्डर आहे. बांध नांगरून टाकलेत, औषधांनी वाळवी-किडे मेलेत, त्या पिशवीत भरायला तित्तराला उरलंय काय? माळढोकाचंच बघ. जुने शिकारी जीपमधून माळढोक मारल्याच्या गोष्टी मिशीला पीळ देऊन सांगायचे. सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य १९७९ साली त्याच्यासाठी झालं. माळरानं गेली, वर विजेच्या तारा आल्या, आणि आज सबंध देशात तो दीडशेच्या आसपास उरला असं मानतात, तोही बहुतेक राजस्थानात. तेव्हा कायदा कडक आहे ते बरं आहे.

आणि ज्या फासेपारध्यांना आपण सगळे दोष देतो, त्यांच्यातल्याच काही मंडळींनी अकोला-वाशीम भागात तणमोर आणि माळरान राखायचं काम हाती घेतलंय. ज्यांचं पोट शिकारीवर होतं ते थांबू शकतात, आणि आपण नोकरदार, बागायतदार माणसं गटारीच्या चैनीसाठी थांबणार नाही?

पण एक गोष्ट मात्र मला हळहळायला लावते. तित्तर गेलं ते ठीक, पण त्याच्याबरोबर परड्यातली ती शिकवणीही गेली. आता कोंबडी सोलून, धुऊन, थर्माकोलच्या ताटलीत येते. मुलांना पोटा म्हणजे काय ठाऊक नाही, पित्त कुठे असतं ठाऊक नाही. त्यामुळे अर्धी कोंबडी पानात टाकून उठायला काही वाटत नाही. ज्यांना खायचंच नाही त्यांचा प्रश्न नाही, आमची आई जन्मभर खाल्ल्याशिवाय सुखात राहिली. पण जो खातो त्याने जन्मात एकदा तरी पक्षी स्वतः साफ करावा. त्यासाठी रानात जायची गरज नाही. गावठी कोंबडा आहे. जपानी लाव्हा आहे, १९७४ साली तो संशोधनासाठी इज्जतनगरला आणला गेला आणि आता कोंबड्यांसारखा पाळला जातो, पाच-सहा आठवड्यांत तयार होतो. रानातला लाव्हा वेगळा, त्याच्या वाटेला जायचं नाही.

तेव्हा पुतण्या, दसरा झाला की मी गावी येतोय. तुझ्या धाकट्याला सांग, शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी एक गावठी कोंबडा आणून ठेव, पिसांसकट. परड्यात तीन दगड मांड. साफ तो करेल, मी खुर्चीवर बसून सांगेन, माझे हात काही आता चालत नाहीत. चाऱ्याची पिशवी मात्र टाकून देऊ नका, त्याला फोडून बघू दे. आणि सूनबाईला म्हणावं, मागच्या वेळचा रस्सा वासावरून तरी फार चांगला झाला होता. या वेळी चाखून सांगेन.